काळूराम कंडक्टर आणि मठातली थोरली

काळूराम कंडक्टरला इतिहासाचा नाद लागला तो कंबरेमुळे. कंबर धरली नसती तर तो आणखी दहा वर्षं एसटीत "पुढे सरका, पुढे सरका" करत उभा राहिला असता, आणि गाव सुखात राहिलं असतं. पण शहाण्णव साली डॉक्टरने त्याला उभं राहायची बंदी केली. महामंडळाने घरी पाठवलं. खाकी कोट, तिकिटांची पत्र्याची पेटी आणि तिकिटं टोचायचा पंच घेऊन हा माणूस गावात येऊन पडला. शेती त्याने जन्मात केली नव्हती. त्याच्या वाटणीची भातखाचरं धाकटा भाऊ कमळूच कसत आला होता, आणि कमळू दोन वर्षांपूर्वी कावीळ होऊन गेला होता. त्याच्यामागे त्याची बायको सकुबाई नांगर सोडून सगळं करायची. नांगरासाठी ती माणूस लावायची. काळूराम बांधावर उभा राहून तिला सूचना द्यायचा.

मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याने जाताना, वैशाखऱ्याच्या अलीकडे, डाव्या हाताला एक फाटा आत शिरतो. त्याच्या टोकाला आमचं गाव. मुरबाडच्या बाजारात आम्हाला गावाच्या नावाने कोणी ओळखत नाही, मठवाले म्हणतात. मठ गोसाव्यांचा. दगडी जोतं, सागाचे खांब, चौकात जुन्या बुवांच्या समाध्या आणि मागे स्वयंपाकाचं भलंमोठं रांधपघर. शेवटचा बुवा नव्वदच्या सुमाराला "त्र्यंबकला जाऊन आलोच" म्हणून गेला तो गेलाच. आम्ही थोडी वर्षं वाट बघितली, मग त्याच्या खोलीत कोणीतरी पेंढा भरला. माझी पिठाची गिरणी मठाच्या भिंतीला लागून आहे. तेव्हा मी जे सांगतो ते डोळ्यांनी बघितलेलं आहे.

मठात गावकीची भांडी असायची. दोन मोठे तांब्याचे हंडे, पराती, घंगाळं, झारे. दोन्हींतल्या मोठ्या हंड्याला आम्ही थोरली म्हणायचो. तिच्यात एका वेळेला अख्ख्या पंगतीचा भात शिजायचा. लग्नाचं पहिलं आवतण देवाला नाही, थोरलीला. नवरीची आई नारळ आणि हळदकुंकू घेऊन मठात जायची, थोरलीच्या काठाला बोटं लावायची आणि म्हणायची, "बाय, लगनाला ये गो." हळदीच्या सकाळी चार गडी तिला बांबूला बांधून घरी आणायचे. कार्य उरकलं की चिंचेने घासून, तळाला मूठभर तांदूळ ठेवून परत पोचवायची. थोरलीच्या काठावर कोरलेलं होतं, समस्त गावकरी. या समस्तांत ओढ्यापलीकडची कातकरवाडी नव्हती, हे कोरायची गरज कोणाला वाटली नव्हती. कातकऱ्यांना भांडी कधी दिली गेली नाहीत. शिवरात्रीच्या भंडाऱ्याला ती माणसं मठाच्या भिंतीबाहेर पत्रावळी घेऊन बसायची, आणि आम्ही वरून वाढून धर्म केल्याचं समाधान मिळवायचो.

तर काळूराम असा रिकामा बसलेला असताना मुंबईचे एक प्राध्यापक डोंगर चढायला म्हणून आले आणि मठात पाणी प्यायला थांबले. चौकात फिरले, खांबांवर हात फिरवला आणि जाताना म्हणाले, "अहो, हे तर संग्रहालयच आहे!" शहरातला माणूस पाणी प्यायल्यावर असं काहीतरी बोलतोच. काळूरामला तो हुकूम वाटला. दुसऱ्या दिवसापासून तो घरोघर फिरायला लागला. आम्हीही असे उदार की ज्याच्या घरात जे नको होतं ते त्याला दिलं. कोणी मोडकं जातं दिलं, कोणी नाटकातली पत्र्याची तलवार दिली. एकाने रेड्याचा जबडा दिला. तो काळूरामने स्वतंत्र टेबलावर मांडला आणि पुढे पाटी लावली, "अतिप्राचीन प्राणी". त्या रेड्याला ओळखणारी माणसं गावात अजून जिवंत होती.

अठ्ठ्याण्णव साली आमदार आले, फीत कापली, समाध्यांना नमस्कार केला, मुतारी कुठे आहे विचारलं आणि गेले. दारावर बोर्ड चढला, "प्रादेशिक इतिहास संग्रहालय". खाली बारीक अक्षरात नाही, तेवढ्याच ठळक अक्षरात संचालकाचं नाव. आत एका खोलीत "दळणवळणाचा इतिहास" होता. म्हणजे याची तिकिटांची पेटी, याची टोपी आणि गाडीच्या दाराशी उभा असलेला याचाच फोटो. बुवाच्या खोलीतला पेंढा काढून तिथे त्याच्या बापाची, देवजीची, तसबीर लावली होती. देवजीचा मठाशी संबंध एवढाच की तो भंडाऱ्याला दोनदा जेवायचा.

आठवड्याला एखादी शाळेची सहल यायची. काळूराम खाकी कोट घालून दारात उभा. हातात तो पंच. वस्तूसमोर आला की टक टक वाजवायचा. "पुढे सरका, पुढे सरका, समाध्या पुढे आहेत, मधे गर्दी करू नका." पोरं बाहेर पडली की मठाची घंटा दोनदा वाजवायचा, डबल बेल. मी गिरणीत बसून हसायचो. हसण्यावारी नेलं हीच आम्हा गावकऱ्यांची अक्कल. कारण त्याच हसण्याच्या भरात भांड्यांच्या खोलीची किल्ली गावकीने त्याच्याकडे दिली. म्हणाले, घासूनपुसून नीट तरी राहतील.

भांडी नीट राहिली. इतकी नीट राहिली की वापरायची सोय उरली नाही. रांधपघरात सिमेंटचे ओटे बांधून काळूरामने थोरलीला मधोमध बसवलं, भोवती नायलॉनची दोरी लावली आणि पाटी लिहिली, "मध्ययुगीन पाकपात्र. स्पर्श करू नये." काठावर साल कोरलेलं सगळ्यांना दिसत होतं. माझ्या बापाने वर्गणी दिलेलं भांडं मध्ययुगीन कसं, असं मी विचारलं, तर म्हणाला, "तुला टाइमचं ज्ञान नाय." मी हात टेकले.

त्यानंतर लग्नं झाली तेव्हा कोणी भांडण केलं नाही. नव्या पोरांना मंडपवाल्याची चकचकीत स्टीलची भांडी हवीच होती. तांब्याचे हंडे बांबूवरून आणायचे म्हटलं की त्यांच्या तोंडावर आठ्या. थोरलीची आठवण काढणारं पहिलं माणूस निघालं ते सकुबाई. दोन हजार तीन साली तिची एकुलती एक पोर अक्षदा हिचं लग्न सरळगावकडे ठरलं. मंडपवाल्याचं भाडं सकुबाईला जड होतं हे एक. पण खरं कारण ती स्वतः बोलून दाखवायची. "माज्या लगनाचा भात थोरलीत शिजलेला. यांच्या बापाचं दिवस झालं तवा, न हे गेले तवा पन. मंग माज्या पोरीचंच लगीन दुसऱ्याच्या भांड्यात का?"

चैत्रात एका सकाळी ती नवं लुगडं नेसून, नारळ घेऊन मठात गेली. काळूराम तिचा मोठा दीर, म्हणजे अक्षदाचा सख्खा चुलता. कन्यादान त्यानेच करायचं ठरलेलं. सकुबाई डोक्यावरचा पदर सारखा करत दोरीपाशी गेली आणि वाकून आत हात घातला, तोच मागून पंच वाजला, टक टक.

"सकू, टच करायचं नाय. पाटी वाचलीस ना?"

"दादा, थोरलीला आवतण द्यायला आलंय."

"आता ती थोरली नाय. पुरावस्तू हाय. तिला आवतण चालत नाय."

सकुबाईने नारळ दोरीच्या अलीकडे जमिनीवर ठेवला आणि सरळ माझ्या गिरणीत आली. रडली नाही. म्हणाली, "भावजी, गाव गोळा करा." मी केलं. मठाच्याच ओसरीवर बैठक बसली. ज्यांनी पाच वर्षं स्टीलच्या भांड्यांतला भात खाल्ला होता, त्यांनाही थोरलीचं प्रेम दाटून आलं. भांडी गावकीची, देणं भाग आहे, असं एकमताने ठरलं. काळूराम खांबाला टेकून ऐकत होता. मला वाटलं हा कांगावा करील. केला नाही. बराच वेळ पंच नुसताच चाळवत राहिला आणि म्हणाला, "ठीक हाय. हळदीच्या दिवशी सकाळी या."

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. भरलेल्या गाडीतून प्रवाशाला खाली उतरवताना कंडक्टर अगदी याच आवाजात सांगतो की मागून रिकामी गाडी येतेय. पण सकुबाईने विश्वास ठेवला. मंडपवाल्याला तिने फक्त मांडव सांगितला, भांडी सांगितली नाहीत.

हळदीच्या सकाळी आम्ही चौघं बांबू आणि दोर घेऊन मठात गेलो. सकुबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन पुढे. दाराला कुलूप. काळूराम मुरबाडला गेलाय म्हणून त्याच्या बायकोने, हिराबाईने, सांगितलं आणि किल्ली आणून दिली. आम्ही दोरी सोडली, थोरलीचे कान धरले, जोर लावला. थोरली हलेना. पुन्हा जोर लावला. ओट्यात रुतल्यासारखी बसलेली. मी आत वाकून बघितलं, तर तळाला तीन नटबोल्ट.

गिरणीतून पाना आणला. नट गंजले होते, त्यावर रॉकेल ओतलं, मग कुठे फिरले. थोरली उचलून उन्हात आणली आणि उपडी केली. तळाला अंगठा जाईल एवढी तीन भोकं. धाकट्या हंड्याला दोन. पराती, घंगाळं, सगळ्यांना भोकं. एकही सुटलं नव्हतं. आम्ही चौघं खुळ्यासारखे त्या भोकांतून पलीकडचा चौक बघत राहिलो.

काळूराम मुरबाडला वगैरे गेला नव्हता. तो समाध्यांच्या मागे बसला होता. आता उठून आला.

"चोरीला जाऊ नये म्हनून केलं," तो म्हणाला. "ते प्रोफेसर बोलले होते, वस्तू फिक्स करा. एसटीत बघ, सीटसुद्धा बोल्टने बसवलेल्या असतात. तीस वर्षं सर्विस केली, एक सीट चोरीला गेली नाय. मुरबाडचा वेल्डर बोलावला न ड्रिल मारून घेतलं."

आता अशा माणसाला काय म्हणायचं? चोराने नेली असती तरी थोरली कुठेतरी चुलीवर चढली असती. याने तिला कायमची रिकामी केली, आणि तेही राखण करतोय म्हणून. मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो. पण सकुबाई मधे बसली होती, थोरलीपाशी, जमिनीवर. ताट बाजूला ठेवून तिने एका भोकात बोट घातलं. मग तिला रडू फुटलं. नवरा गेला तेव्हाही मी तिला असं रडताना बघितलं नव्हतं.

"दादा," ती म्हणाली, "निदान सांगायचं तरी व्हतं. मी आवतण द्यायला आले तवाच सांगायचं."

"सांगणार होतो."

"कधी? भात गळायला लागल्यावर?" मी ओरडलो. काळूरामने मान खाली घातली. त्या क्षणी त्याची मला थोडी कीव आली हे खरं. ती संध्याकाळपर्यंत टिकली नाही.

रात्री हळदीची पंगत, उद्या दुपारी वऱ्हाड येणार. भोकं बुजवून डाग द्यायला तांबट जवळपास कुठे उरला नव्हता. माझ्या पुतण्याला, शेखरला, मोटारसायकलवर मुरबाडला पिटाळलं. येताना त्याने सरळगावातही विचारलं. तिथी अशी दाट होती की एकाही मंडपवाल्याकडे मोठं भांडं शिल्लक नव्हतं. शेखर रिकाम्या हाताने आला तेव्हा मांडवात बायका हळदीची गाणी म्हणत होत्या. पुरुषमंडळी एका बाजूला बसून काळूरामला शिव्या घालत होती. शिव्या घालण्यात आमचं गाव कुणाला हार जाणार नाही. उपाय मात्र कोणी काढेना.

सकुबाईने कोणाला विचारलं नाही. पदर खोचला आणि ओढ्याच्या दिशेने चालायला लागली. मी मागोमाग गेलो. कातकरवाडीतली माणसं नुकतीच वीटभट्ट्यांवरून परतली होती. जाणू कातकरी आणि त्याची बायको गोदी दारात काठ्यांचा कूड बांधत होते. गोदी आणि सकुबाई कित्येक पावसाळे एका ओळीत भात लावत आलेल्या. गावाने भांडी दिली नाहीत म्हणून वाडीने भट्टीवरच्या कमाईतून वर्गणी काढून जर्मलचे, म्हणजे अल्युमिनियमचे, दोन दांडगे टोप घेतले होते. वाडीतली सगळी लग्नं त्यातच व्हायची. हे मला माहीत होतं. गावातल्या सगळ्यांना माहीत होतं. तिथे जावं हे मात्र एकट्या सकुबाईला सुचलं.

तिने सगळं सांगितलं. जाणू बायकोकडे बघायला लागला. गोदीने हात पुसले.

"टोप ने की. टोपाचं काय. पन सकू, तुजी मानसं जेवतील का गो त्यातलं?"

"जेवतील ती जेवतील."

जाणूने एक टोप डोक्यावर घेतला, दुसरा त्याच्या भावाने. ओढा ओलांडून ते मांडवाशी आले आणि आमच्या पुरुषमंडळींना एकाएकी आरोग्याची काळजी वाटायला लागली. जर्मलमध्ये शिजवलेलं पोटाला बरं नसतं म्हणे. एकाने ते पेपरात वाचलं होतं. ज्याच्या घरी सकाळचा चहा, दुपारचं कालवण आणि रात्रीची पेज जर्मलच्या पातेल्यात होते, तोच सगळ्यात मोठ्याने सांगत होता. कातकऱ्यांचं भांडं असं तोंडातून काढायची एकाचीही छाती नव्हती. आणि काळूराम? तो पुढे होऊन म्हणाला, "सकू, घराण्याचा पण विचार कर."

सकुबाई आयुष्यात कधी मोठ्या दिरापुढे आवाज चढवून बोलली नव्हती. तेव्हा बोलली.

"भात या टोपात शिजंल. ज्याला नाय खायचा त्यानं मठात जावं. दोरीच्या भायेर उभं ऱ्हावं, थोरली बघावी, न पोट भरावं."

मांडवातली गाणी थांबली. अक्षदा हळदीच्या अंगाने उठून आईच्या शेजारी येऊन उभी राहिली. मग म्हाताऱ्या गिरजाआजीने बसल्या जागेवरून हाक मारली, "चूल पेटवा रे, तांदूळ भिजलेत." आणि सकुबाईने तेच सकाळचं ताट उचललं, दोन्ही टोपांना हळदकुंकू लावलं.

लग्न लागलं. काळूरामने कन्यादान केलं, खाकी कोट घालूनच. भात मोकळा शिजला होता. एकही माणूस न जेवता गेला नाही, आरोग्यवाले तर दोनदा वाढून घेत होते. काळूराम मुलीकडचा मानकरी म्हणून पहिल्या पंगतीला बसला आणि "भात पुढे येऊ द्या, पुढे येऊ द्या" करत जेवला. जाणू-गोदीला सकुबाईने मांडवात बसवून स्वतः वाढलं. पण ती शेवटची पंगत होती, आणि त्यांच्या शेजारी फक्त मी आणि शेखर बसलो. गावाला त्याहून जास्त सुधारायला अजून सवड मिळालेली नाही.

थोरली परत ओट्यावर गेली. काळूरामने नवे नट आणून आवळले. पाटी तीच राहिली.

गणपतीच्या सुमाराला वरून कुठूनतरी सूचना आली की संग्रहालयात आदिवासी दालन असावं. काळूराम लगेच कोट चढवून ओढ्यापलीकडे गेला. मीही गेलो, कारण असली मजा मी सोडत नाही. कातकरवाडीत आयुष्यात तो पहिल्यांदाच पाऊल टाकत होता. जाणूच्या दारात टोप उपडा घातला होता. काळूरामने त्याच्यावर पंच वाजवला.

"जाणू, हा टोप संग्रहालयाला दे. दालनात मधोमध ठेवतो. खाली तुझं नाव लिहीन, मोठ्या अक्षरात. लोकं लांबून लांबून बघायला येतील."

जाणू काही बोलायच्या आत गोदी बाहेर आली. तिने टोप उचलला आणि कडेवर घेतला.

"नाय देनार," ती म्हणाली. "तुमी त्याला भोक पाडतां. मंग आमी रांधायचं कशात?"

काळूरामने पंच खिशात घातला. मग फिरला. परत येताना चिखलात त्याची चप्पल दोनदा रुतली, तरी तो गप्प होता. मला वाटलं, चला, इतक्या वर्षांनी का होईना, याच्या डोक्यात उजेड पडला. गिरणीपाशी आल्यावर तो थांबला, कोटाची बटणं सारखी केली आणि मला म्हणाला,

"या लोकांना इतिहासाची कदरच नाय रे."

मी पट्टा चढवला आणि गिरणी चालू केली.